पार्सनिप व त्याची पिंपातील लागवड

पार्सनिप : (लॅ. पॅस्टिनाका सटायव्हा, कुल-अंबेलिफेरी). गाजर, कोथिंबीर, जिरे, ओवा व बडीशेप यांच्या कुलातील ही द्विवर्षायू ओषधी मूळची यूरोप व पश्चिम आशियातील असून फिकट पिवळसर, मांसल सोटमुळासाठी तिची लागवड करतात. पहिल्या वर्षी जमिनीलगत संयुक्त पानांचा झुबका व खाली मूळ वाढते; दुसऱ्या वर्षी सु. १·५ मी. उंचीचा पोकळ, कंगोरेदार दांडा येऊन त्यावर पिवळ्या फुलांचे चामरकल्प फुलोरे येतात. मूळ दिसावयास पांढऱ्या गाजरासारखे, पण त्याहून सुवासिक व पिठूळ असते. मराठीत या भाजीला स्वतंत्र नाव नाही. मुळाच्या वाढीस खोल व भुसभुशीत जमीन लागते, तर त्यात गोडी उतरण्यास थंडी लागते. या दोन गरजांनीच या पिकाचा इतिहास बहुतांशी घडविला असून त्यांपैकी पहिलीतून पिंपात पार्सनिप वाढविण्याची पद्धत निघाली.

जमीन खोल खणण्याचा संबंध वनस्पतीच्या नावातही असावा. रोमन शेतकरी ज्या दुबेळक्याने माती उकरीत, त्याला लॅटिनमध्ये ‘पॅस्टिनम’ म्हणत व ‘पॅस्टिनाका’ हा शब्द त्यावरून आला असे सामान्यतः मानतात. मात्र रोमन ग्रंथांतील ‘पॅस्टिनाका’ म्हणजे नेहमी पार्सनिपच असे नव्हे. हे नाव गाजरालाही लावीत आणि त्या काळची गाजरे आजच्यासारखी नारिंगी नसल्याने केवळ वर्णनावरून दोहोंतील भेद ओळखणे कठीण जाते. सम्राट टायबीरिअस ऱ्हाईनकाठच्या गेल्ड्यूबा येथून दरवर्षी पार्सनिपे मागवी, ही कथा बागकामाच्या पुस्तकांत वारंवार आढळते. परंतु प्लिनी या ग्रंथकाराने तेथे ‘सिसर’ हे नाव योजिले आहे आणि ते त्याच कुलातील स्किरेट या दुसऱ्या कंदाला अधिक लागू पडते. कथेतील महत्त्वाचा भाग निराळाच आहे : हे कंद थंड प्रदेशात चांगले होतात, ही गोष्ट इ. स. च्या पहिल्या शतकात ठाऊक होती. शार्लमेनच्या काळातील (इ. स. ८०० च्या सुमारास) राजकीय मळ्यांविषयीच्या आज्ञापत्रात लावावयाच्या भाज्यांच्या यादीत ‘कार्व्हिटास’ व ‘पास्टेनाकास’ अशी दोन वेगवेगळी नावे येतात, म्हणजे तोपर्यंत ही दोन पिके निराळी मानली जाऊ लागली होती.

मध्ययुगीन यूरोपात साखर हा श्रीमंतांचा पदार्थ होता व मध महाग असे. अशा काळात हिवाळाभर जमिनीतच टिकणारा, पिष्ठमय व गोड कंद सामान्य कुटुंबास मोठा आधार होता. ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असल्याने त्याची मागणी वाढे. त्याचा उपयोग गोड पदार्थांत व मद्य करण्यासाठीही होई. गोठणबिंदूच्या आसपासच्या तापमानात मुळातील स्टार्चाचे साखरेत रूपांतर होते, हे त्या गोडीचे कारण पुढे रसायनशास्त्राने सांगितले. परंतु कडाक्याची थंडी पडून गेल्यावरच पार्सनिप खणावे, हे शेतकऱ्यांना त्यापूर्वीपासून माहीत होते. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज वसाहतवाल्यांनी हे पीक उत्तर अमेरिकेत नेले.

खोल जमिनीची गरज किती श्रमाची होती हे इंग्लिश खाडीतील जर्सी व गर्न्सी या बेटांवरून दिसते. तेथे दुभत्या गाईंना पार्सनिपे चारीत व तेथील लोण्याच्या लौकिकाचे काही श्रेय त्यांना देत. त्यांसाठी फूटभराहून खोल नांगरट करावी लागे आणि अठराव्या शतकापासून त्यासाठी ‘मोठा नांगर’ वापरात आला. तो ओढण्यास एका घरची जनावरे पुरत नसत. म्हणून शेजारी आपापले बैल व घोडे एकत्र आणीत, पाळीपाळीने प्रत्येकाचे शेत नांगरीत आणि ज्याचे शेत त्याच्याकडे सर्वांना जेवण असे. आपल्याकडील इर्जिकीची येथे आठवण होते.

अठराव्या शतकात या पिकाला दोन प्रतिस्पर्धी लाभले. बटाटा तीन-चार महिन्यांत तयार होतो, तर पार्सनिप वसंतापासून हिवाळ्यापर्यंत जमीन अडवून ठेवते. शिवाय त्याचे बी रुजण्यास तीन-चार आठवडे घेते व एक वर्षानंतर बहुधा निरुपयोगी होते. भुकेल्या कुटुंबाने यांतून कोणते पीक निवडले असेल हे उघड आहे. दुसरा प्रतिस्पर्धी साखर. वेस्ट इंडीजमधील उसाच्या मळ्यांवर गुलामांच्या श्रमातून निघालेली साखर स्वस्त होत गेली होतीच. १७४७ मध्ये बर्लिन येथील आंड्रेआस मार्गग्राफ यांनी बीटमध्ये उसासारखीच साखर असल्याचे दाखविले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिचे कारखाने निघाले. गोडीसाठी पार्सनिपाकडे वळण्याचे कारण उरले नाही. यूरोपखंडात ते मागे पडले. इंग्लंडात मात्र भाजलेल्या मांसाबरोबरची हिवाळी भाजी म्हणून टिकले. साखरेची टंचाई झाली की त्याची आठवण होई. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये केळ्यांची आयात थांबली, तेव्हा शिजवून कुसकरलेल्या पार्सनिपात केळ्याचा अर्क घालून ते केळे म्हणून खात. १९४०–४५ या काळात जर्मनांच्या ताब्यात असलेल्या खाडीतील बेटांवर भाजलेल्या पार्सनिपाची ‘कॉफी’ पीत.

पीक मागे पडत असतानाच त्यावरील एक महत्त्वाचा प्रयोग झाला. सिरेन्सेस्टर येथील कृषी महाविद्यालयातील प्राध्यापक जेम्स बकमन यांनी १८४७ मध्ये रानटी पार्सनिपाचे बी गोळा केले. रानटी मूळ बारीक, फाटे फुटलेले व चिवट असते. दर पिढीत उत्तम मुळे निवडून त्यांचेच बी धरीत त्यांनी सु. दहा वर्षांत जाड, गुळगुळीत मुळांचा वाण तयार केला. ‘स्टूडंट’ या नावाने तो १८६० च्या सुमारास सटन या बी-विक्रेत्या संस्थेने बाजारात आणला व अद्यापही लावला जातो. डार्विन यांनी १८६८ च्या आपल्या ग्रंथात या प्रयोगाची दखल घेतली. उत्क्रांतिवादावर रणे माजली होती त्या काळात, निवडीने किती अल्पकाळात किती बदल घडतो याचा हा पुरावा एका भाजीच्या वाफ्यात मिळाला होता.

निवडीने मूळ सुधारले, पण जमीन सुधारणे उरलेच. मुळाच्या टोकाला खडा, ढेकूळ किंवा न कुजलेले शेणखत लागले, की त्याला फाटे फुटतात. ब्रिटनमधील भाजी-प्रदर्शनांत लांब, सरळ व निष्कलंक मुळाला बक्षीस असल्याने स्पर्धकांनी जमीनच सोडली. सु. २०० लि. चे रिकामे पिंप वाळूने भरून त्यात पहारीने खोल, शंकूसारखी भोके पाडतात. त्यांत चाळलेली माती, पीट व बारीक वाळू यांचे मिश्रण भरून हिवाळ्याच्या अखेरीस प्रत्येकी तीन-चार बिया टोकतात व नंतर एकच रोप ठेवतात. भोवतालची वाळू भोकाचा आकार राखते आणि मूळ मऊ मिश्रणातून सरळ खाली जाते. काढताना पाण्याने वाळू धुऊन काढली म्हणजे शेपटासारखे टोकही शाबूत येते. केवळ लांबीच्या स्पर्धेत पिंपाऐवजी तिरप्या ठेवलेल्या लांब नळ्या वापरतात. २०१७ मध्ये अशा स्पर्धेत ६·५५ मी. लांबीचे मूळ नोंदले गेले. त्यातील बहुतेक लांबी दोऱ्याएवढ्या जाडीची असते. बकमन यांची निवड ताटासाठी होती, ही टेबलावर मांडण्यासाठी आहे; भाजी म्हणून अशा मुळाला फारसा अर्थ नाही.

घरगुती लागवडीत मात्र पात्राचा उपयोग खरा आहे. खडकाळ किंवा चिकण जमिनीत, अथवा जमीनच नसलेल्या घरी, किमान ४५ सेंमी. खोल व तळाला छिद्रे असलेले पिंप चालते. ‘एव्हनरेसिस्टर’ हा आखूड मुळांचा वाण त्यास सोयीचा आहे. मुळाच्या खांद्यावर चट्टे पाडून ते कुजविणाऱ्या कँकर रोगास प्रतिकारक म्हणून तो वेल्झबर्न येथील राष्ट्रीय भाजीपाला संशोधन केंद्राने तयार केला. मिश्रणात ताजे शेणखत घालीत नाहीत. बी त्याच वर्षीचे घेतात, ते जागच्या जागीच पेरतात, कारण स्थलांतरात सोटमूळ दुखावते. पाणी बेताचे पण नियमित देतात, नाहीतर कोरडेपणानंतरच्या भरपूर पाण्याने मूळ तडकते.

पाने हाताळताना काळजी घ्यावी लागते. पानादांड्यांच्या रसातील फ्युरॅनोकूमारिने त्वचेस लागून वर ऊन पडले, तर भाजल्यासारखे फोड येतात. उत्तर अमेरिकेत रानात पसरलेल्या पार्सनिपाचा हा उपद्रव मोठा आहे. ही द्रव्ये म्हणजे किडींविरुद्धचे संरक्षण होय. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये १५२ वर्षांतील शुष्क वनस्पतिसंग्रहांतील नमुने तपासले, तेव्हा पार्सनिपाची यूरोपीय जाळेकरी अळी अमेरिकेत पोहोचल्यानंतरच्या वनस्पतींत अशा द्रव्यांचे प्रमाण वाढल्याचे आढळले. बकमन यांनी हाताने केलेली निवड येथे अळीने, उलट दिशेने, केली.

भारतात हे पीक महत्त्वाचे नाही. पिंपामुळे मुळाला खोली मिळते, हवा थंड होत नाही, वाढीस सु. १५°–१८° से. तापमान मानवते. त्यामुळे महाराष्ट्राच्या पठारावर थंडीच्या महिन्यांत प्रयोग केल्यास मुळे धरतील, पण यूरोपातील लांब हंगाम मिळत नसल्याने ती बारीकच राहण्याचा संभव अधिक. त्यांतील गोडीची उणीव काही अंशी भरून काढता येते : काढलेली मुळे सु. ०° से. तापमानाच्या शीतगृहात दोन आठवडे ठेवल्यास त्यांतील स्टार्चाचे साखरेत रूपांतर होऊन शेतात दोन महिने थंडी खाल्लेल्या मुळांची गोडी त्यांना येते.