बर्फाचा हंगाम आणि भट्टीचा हंगाम

डहाणूला बर्फ पडत नाही. एका बाजूला समुद्र आणि चिकूच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला महालक्ष्मीचा सुळका, गंभीरगड आणि तलासरीकडे उतरत जाणाऱ्या टेकड्या. पौष महिन्यात पहाटे शेकोटी पेटवावी लागते, एवढीच इथली थंडी. तरीही तरुणांसाठी हिवाळ्यात डोंगरावर शिबिर भरवण्याचा इतिहास तपासताना मी पुन्हा पुन्हा या दोन तालुक्यांपाशी येऊन थांबलो. गिर्यारोहणाच्या आणि स्कीइंगच्या इतिहासात शिखरे, साधने आणि प्रशिक्षक यांच्याविषयी भरपूर लिहिलेले सापडते. शिबिराची तारीख कोणी ठरवली आणि त्या तारखेला घरी कोण होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. डहाणू-तलासरीत तो टाळता येत नाही.

हिवाळी शिबिराची तारीख आपल्याकडे आली ती युरोपातून. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री लन या इंग्रज गृहस्थाने स्वित्झर्लंडमध्ये हिवाळी सहली भरवायला सुरुवात केली. त्यासाठी काढलेल्या क्लबाचे सभासदत्व इंग्लंडमधल्या बड्या खासगी शाळांशी नाते असलेल्यांसाठी होते आणि सहलीचा काळ अर्थातच नाताळच्या सुट्टीचा. त्याचाच मुलगा आर्नोल्ड लन याने १९२२ साली म्युरेन येथे स्लालम या स्की-शर्यतीला आधुनिक रूप दिले. हिंदुस्थानात १९२७ साली ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी गुलमर्गला स्की क्लब काढला, तोही रजेवर आलेल्या साहेबांसाठी. म्हणजे बर्फाचा हंगाम निसर्गाने ठरवला, पण त्या हंगामात मोकळे कोण असेल, हे ठरवले रजेच्या आणि सुट्टीच्या नियमांनी.

स्वातंत्र्यानंतर हे दार रुंद झाले. तेनसिंग यांच्या १९५३ च्या एव्हरेस्ट विजयानंतर १९५४ साली दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली. त्याच वर्षी मुंबईत ‘गिरिविहार’ संस्था निघाली. १९६५ मध्ये उत्तरकाशीला नेहरूंच्या नावाची संस्था आली. पुढे गुलमर्गला केंद्र सरकारने स्कीइंगचे प्रशिक्षण सुरू केले. २०२० पासून तिथे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा होतात. आज मुंबई-पुण्यातला महाविद्यालयीन मुलगा जानेवारीत गुलमर्गला जाऊन पायाला स्की बांधतो, यात नवल उरलेले नाही. त्याला हवी असते सुट्टी, शुल्क, वैद्यकीय दाखला आणि पालकांची सही. ही यादी वाचताना ती सगळ्यांना सारखीच लागू आहे असे वाटते.

आता तोच जानेवारी तलासरीत पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार या तालुक्यातली सुमारे नऊदशांश वस्ती अनुसूचित जमातींची आहे. वारली त्यांत मोठ्या संख्येने. पावसाळी भात आणि नागली हे इथले मुख्य पीक. वाघबारस होते, भात कापून झोडून होते, आणि घरातले धान्य किती महिने पुरेल याचा हिशेब लागतो. तो जिथे तुटतो तिथून स्थलांतर सुरू होते. कोणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातो, कोणी रेतीच्या किंवा बांधकामाच्या कामावर, कोणी मासेमारीच्या बोटीवर. भट्टीमालकाकडून पावसाळ्यातच घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको जोडीने जातात, आणि लहान मुलांना मागे कुणाकडे ठेवायचे म्हणून ती बरोबर जातात. थोरली असतील तर गारा कालवायला, विटा पालथ्या घालायला त्यांचेही हात लागतात. परत येणे होते ते शिमग्याला चार दिवस आणि मग थेट पावसाच्या तोंडावर. बर्फाचा हंगाम आणि भट्टीचा हंगाम एकच आहे. ज्या आठवड्यांत शिबिराचे अर्ज भरले जातात, त्याच आठवड्यांत ही मुले गावात नसतात.

या अडचणीचे उत्तर याच मातीत एकदा शोधले गेले होते. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम पुढे बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे त्यांच्या लक्षात आले की शाळा बांधली, फळा टांगला, घंटा वाजवली, तरी वारली मुले येत नाहीत. कारण सरळ होते: ती गुरे राखत होती. मुले आळशी आहेत किंवा आईबापांना शिक्षणाची किंमत नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे होते आणि तो काढणारे तेव्हाही पुष्कळ होते. बाईंनी उलट बाजूने विचार केला. गुरे कुरणात असतील तर शाळाही कुरणात गेली पाहिजे. शिक्षक साहित्य घेऊन माळावर जाऊ लागले. गुरे चरत असताना मुले शिकू लागली. त्या प्रयोगाचे नाव कुरणशाळा. अंगणातली बालवाडी आणि कुरणातली शाळा यांमागचे तत्त्व एकच: मुलाचा दिवस आधी पाहा, मग वेळापत्रक आखा.

योगायोग असा की साधारण याच काळात फ्रान्समध्ये बर्फाच्या शिबिरापुढेही हाच प्रश्न उभा होता. पॅरिसला लागून असलेल्या व्हान्व्ह या उपनगरात मॅक्स फुरेस्तिए नावाचे डॉक्टर शाळेतल्या मुलांच्या प्रकृतीसाठी सकाळी अभ्यास, दुपारी खेळ असा प्रयोग करत होते. १९५३ साली तिथल्या एका शाळेचा वर्ग शिक्षकांसह साव्हॉयच्या डोंगरात नेण्यात आला. सकाळी धडे, दुपारी स्की. याला ‘बर्फवर्ग’ म्हणू लागले आणि ती पद्धत फ्रान्सभर पसरली. महत्त्वाची गोष्ट अशी की मुलाला शाळा बुडवून किंवा सुट्टीत स्वतःच्या खर्चाने जायचे नव्हते. शाळाच डोंगरावर गेली होती. ज्यांच्या घरी नाताळात सहलीला जाण्याची ऐपत नव्हती, त्यांनाही बर्फ पाहता आला. कोसबाडची कुरणशाळा आणि व्हान्व्हचा बर्फवर्ग यांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण दोन्हीकडे शाळेने जागा बदलली.

हंगाम ओळखण्याचे आणखी एक उदाहरण याच तालुक्यातले आहे. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची मोठी सभा भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगार नाकारण्याचा निर्धार तिथे झाला. तो दिवस मेच्या अखेरीचा होता. तेव्हा राब भाजून झालेले असतात, माणूस पावसाची वाट पाहत आपल्या पाड्यावर असतो. सभेच्या यशाचे श्रेय एकट्या तारखेला देणे चूक ठरेल, पण हजारो माणसे गोळा व्हायची तर ती आधी घरी असावी लागतात.

अलीकडच्या काळात आदिवासी मुले बर्फापर्यंत पोचली, त्याचाही उलगडा इथे होतो. ‘मिशन शौर्य’ या उपक्रमात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या दहा विद्यार्थ्यांना दार्जिलिंग, लडाख येथे प्रशिक्षण देण्यात आले आणि मे २०१८ मध्ये त्यांतल्या पाच जणांनी एव्हरेस्ट गाठले. पुढच्या वर्षी हा उपक्रम राज्यातल्या इतर भागांतील आश्रमशाळांपर्यंत गेला. या मुलांच्या अंगात काटकपणा होता, हे सगळ्यांनी लिहिले. माझ्या मते त्याइतकीच निर्णायक गोष्ट वेगळी होती: ती निवासी शाळेत होती. हिवाळ्यात त्यांच्या जेवणाची, झोपण्याची आणि ठावठिकाण्याची जबाबदारी शाळेकडे होती, म्हणून त्यांची निवड होऊ शकली. तसाच काटकपणा अंगी असलेले त्यांचे भाऊबंद त्या वेळी भट्टीवर होते.

म्हणून डहाणू-तलासरीतून उद्या कोणी गुलमर्गला तरुणांचे पथक नेणार असेल, तर बुटांच्या मापांआधी काही गोष्टी ठरवाव्या लागतील. निवड भाद्रपदात, भात कापणीआधी, मुले गावात असताना व्हावी. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी चालणारी हंगामी वसतिगृहे निवडीच्या यादीत असावीत. जिथे मुलाच्या मजुरीवर घरची उचल फिटणार आहे, तिथे ‘शुल्क माफ’ पुरत नाही. बुडणाऱ्या मजुरीचा विचार करावा लागतो. आणि तयारीसाठी दूर जायला नको. महालक्ष्मीच्या सुळक्यावर चैत्र पौर्णिमेच्या रात्री ध्वज चढवायला वाघाडीचा पुजारी पिढ्यान्‌पिढ्या जातो. अंधारात, चढणीवर, वजन घेऊन पाय कसा टाकायचा हे शिकवणारी माणसे इथे आहेत.

स्कीइंग चार दिवसांत जमते किंवा जमत नाही, त्याने फारसे बिघडत नाही. पण इथल्या मुलाच्या वाट्याला जानेवारी कसा येतो, हे आधी कोणीतरी लिहून ठेवले पाहिजे. कोसबाडला ते काम झाले होते. गुलमर्गच्या अर्जात त्यासाठी अजून रकाना नाही.