इशाऱ्याचे शब्द आपल्या बांधापर्यंत

रोज संध्याकाळी आम्ही रेडिओवर हवामानाचा अंदाज वाचून दाखवतो. 'सोलापूर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह जोरदार पावसाची शक्यता, यलो अलर्ट', असं एका दमात वाचतो आणि पुढच्या गाण्याकडे वळतो. एकदा बचत गटाच्या बैठकीत एका मावशींनी आम्हाला अडवलं. "ते तुरळक ठिकाण म्हंजे आपलं गाव का पलीकडचं? आन् पिवळ्याला काय करायचं, लाल्याला काय करायचं, ते कवा सांगणार?"

खरं सांगतो, आमच्याकडे धड उत्तर नव्हतं. मग आम्ही शोधायला बसलो. हे शब्द आले कुठून आणि ते पहिल्यांदा कुणासाठी तयार झाले? तीच हकिगत आज सांगायची आहे.

आपल्याकडे पावसाला शब्द कमी नव्हते. वळीव, झड, भीज पाऊस, संततधार, बुरबुर, परतीचा पाऊस. मृग लागला की पेरणीची लगबग, हस्त बरसला की रब्बीच्या ज्वारीची आशा. पंचांगात नक्षत्राचं वाहन बघायचं. बेडूक, म्हैस, हत्ती आला तर पाऊस भरपूर, असं म्हातारी माणसं सांगायची. सोलापुरात संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू कशाला तोंड लावतं, बुजतं की शांत राहतं, यावरून पाऊसपाणी आणि महागाईचा कौल सांगतात. हजारो माणसं तो ऐकायला थांबतात. पण हा सगळा कौल वर्षाचा किंवा पंधरवड्याचा असतो. उद्या दुपारी चार वाजता रानात थांबावं की घरी यावं, हे वाहन सांगत नाही आणि वासरूही सांगत नाही.

तो दुसरा शब्द, म्हणजे 'इशारा', समुद्राकडून आला. ऑक्टोबर १८६४ मध्ये कोलकात्यावर मोठं चक्रीवादळ आदळलं. हजारो माणसं गेली, बंदरातली जहाजं उद्ध्वस्त झाली. पुढच्याच वर्षी त्या बंदरासाठी वादळाची आगाऊ सूचना देण्याची सोय सुरू झाली. मग इतर बंदरांतही दिवसा बावटा आणि रात्री दिवे लावायची पद्धत बसली. कोकणातल्या आपल्या मच्छीमार बहिणी आजही 'तीन नंबरचा बावटा लागला' म्हणतात, ते त्यातूनच. या खुणा एक ते अकरा अशा आहेत. पण अकरा नंबर म्हणजे सगळ्यात मोठं वादळ नव्हे. अकरा नंबरचा अर्थ असा, की इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला आहे. ज्याला हे शिकवलेलंच नाही, तो चुकणारच.

१८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. हेन्री ब्लॅनफोर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. लगेच १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला. त्यात आपला सोलापूर जिल्हाही होरपळला. सरकारला धान्याची आणि साऱ्याची काळजी, म्हणून पावसाळ्याचा अंदाज आधी कळावा असा आग्रह वाढला. ४ जून १८८६ ला हंगामाचा पहिला अधिकृत अंदाज निघाला. म्हणजे आधी इशारा होता जहाजाच्या कप्तानासाठी, मग अंदाज आला साहेबाच्या कचेरीसाठी. खुरपणाऱ्या बाईसाठी त्यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

शेतकऱ्याची आठवण व्हायला आणखी बराच काळ गेला. १९२८ मध्ये हवामान विभागाचं मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या जागेला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. १९३२ मध्ये तिथंच शेतीच्या हवामानाचा वेगळा विभाग निघाला आणि १९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानाची बातमीपत्रं सुरू झाली. पण रेडिओ असायचा पाटलाच्या वाड्यात नाहीतर चावडीवर. तिथं बसून ऐकणारे पुरुष. बाईपर्यंत बातमी यायची ती 'पाऊस हाय म्हणत्यात' एवढीच. कधी, कुठं, किती, हे वाटेतच गळून जायचं.

आता आजच्या शब्दांकडे येऊ. एकेक शब्द सोडवून घेऊ.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे जिल्ह्यातल्या पाऊस मोजणाऱ्या ठिकाणांपैकी जास्तीत जास्त चार आण्यांत. 'काही ठिकाणी' म्हणजे चार आण्यांपासून आठ आण्यांपर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे बारा आण्यांपर्यंत आणि त्याच्या वर 'बहुतांश ठिकाणी'. आपल्या गावात थेंबही पडला नाही आणि पलीकडच्या गावात ओढा वाहिला, तरी 'तुरळक'चा अंदाज खोटा ठरत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्याच शहरात कुलाब्याला सुमारे ७४. एका शहरात एवढा फरक, मग आपला जिल्हा तर केवढा! मावशींच्या प्रश्नाचं उत्तर असं, की तुरळक म्हणजे आपलंही असू शकतं, पलीकडचंही. म्हणून तयारी दोघींनीही करायची.

आता 'जोरदार'. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे जोरदार किंवा मुसळधार. तिथून २०४.४ पर्यंत अतिजोरदार आणि त्याच्या पुढे अत्यंत जोरदार. हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते साडेआठ धरतात. एक मिलिमीटर म्हणजे किती? एक एकर रानावर सुमारे चार हजार लिटर पाणी. ६५ मिलिमीटर म्हणजे एका एकरावर दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर. आपल्या जिल्ह्यात वर्षभराचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्याचा आठवा-नववा हिस्सा एकाच दिवसात. महसूल खात्याच्या हिशेबात मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की 'अतिवृष्टी' धरतात आणि पंचनाम्याचा विषय निघतो. म्हणजे हवामान खात्याचा 'जोरदार' आणि तलाठ्याची 'अतिवृष्टी' एकाच ठिकाणी सुरू होतात. रेडिओवर नुसतं 'जोरदार' ऐकून 'एवढं काय' म्हणू नका.

'ढगफुटी' शब्द तर आपण फार स्वस्त केला आहे. हवामान खात्याच्या हिशेबात एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस लहानशा भागात कोसळला, तरच ती ढगफुटी. दर मोठ्या सरीला ढगफुटी म्हटलं, तर खरी येईल तेव्हा कोण हलेल?

रंगांचं असं. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता कृती करा. रंग ठरवताना पाऊस किती पडेल एवढंच बघत नाहीत. तो पडण्याची शक्यता किती आणि त्यानं नुकसान काय होईल, हेही बघतात. आणि पिवळ्यात वीज पडत नाही असं मुळीच नाही. 'मेघगर्जनेसह' हा शब्द आला, की रंग कोणताही असो, गडगडाट ऐकताच रान सोडायचं, झाडाखाली थांबायचं नाही, पक्क्या घरात जायचं, जनावरं झाडाला बांधून ठेवायची नाहीत. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आपल्याकडे हाच शब्द सगळ्यात मोलाचा. पुण्याच्या हवामान संस्थेनं विजेसाठी केलेलं 'दामिनी' ॲप गटातल्या एकीच्या तरी फोनमध्ये असावं.

पण शब्द नुसता पाठ असून भागत नाही. ऑक्टोबर २०२० आठवा. 'बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र' असं बातमीत येत होतं. बंगालचा उपसागर कुठं, मंगळवेढा कुठं, असं आपल्यातल्या अनेकींना वाटलं. ते क्षेत्र १३ तारखेला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलं आणि तेलंगणातून थेट आपल्याकडे सरकलं. वाऱ्याचा वेग ठरावीक मर्यादेच्या वर गेल्याशिवाय वादळाला नाव देत नाहीत, म्हणून त्याला नावही नव्हतं. पण पाऊस नाव विचारून पडत नाही. १४ ऑक्टोबरला पंढरपुरात कुंभार घाटाजवळची भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला. रानातलं काढून ठेवलेलं सोयाबीन भिजलं, वाहून गेलं.

आणखी एक गोष्ट. आभाळाचा इशारा वेगळा आणि नदीचा इशारा वेगळा. ऑगस्ट २०१९ मध्ये आपली रानं पावसाची वाट बघत होती, तरी पुणे जिल्ह्यातल्या पावसानं भीमा-नीरा फुगल्या आणि पंढरपुरात पाणी शिरलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेनं माढा, करमाळा, मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत घरं, गोठे, ऊस सगळं पाण्यात घातलं. सीना उगवते अहिल्यानगर जिल्ह्यात. तिकडं आणि वरच्या अंगाला कोसळलेला पाऊस आपल्या दारात आला. म्हणून नदीकाठच्या बायांनी आभाळाच्या रंगाबरोबर धरणाचा 'विसर्ग' ऐकायचा. तो क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे अठ्ठावीस लिटर, दोन मोठ्या घागरी म्हणा. एक लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे दोनशे ऐंशी टँकर. उजनीतून किती, वीरमधून किती, हे दोन्ही आकडे ऐकायचे, कारण नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि दोन्हींचं पाणी पंढरपुरात एकत्रच येतं.

जुलै २०२३ मध्ये राज्यात खूप जणांचे मोबाइल एकाएकी मोठ्यानं किंचाळले. ती सरकारी इशाऱ्याची चाचणी होती, काही करायची गरज नाही असं संदेशातच लिहिलं होतं. तरी किती जणी घाबरल्या, किती जणींनी न वाचताच फोन बंद केला! आता इशारा थेट बाईच्या कमरेच्या पिशवीत येतो. दीडशे वर्षांत बंदरापासून इथवर तो आला. वाचणं आणि समजून घेणं तेवढं आपल्याकडे राहिलं.

कुणी म्हणेल, बायांना एवढे अवघड शब्द कसे जमायचे? १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया-आज्या खडी फोडायला गेल्या. शाळेचं तोंड न बघितलेल्या त्या बाया 'आणेवारी', 'मस्टर', 'हप्ता' हे शब्द पक्के शिकल्या, कारण चूल त्या शब्दांवर पेटत होती. पन्नास पैशांच्या आत आणेवारी आली की दुष्काळ, हे त्या बोटांवर सांगायच्या. मग आपल्याला नारंगी आणि क्युसेक का जमू नये?

आम्हीही आमच्या वाचण्यात बदल केला आहे. आता अंदाज वाचून झाला की आम्ही पाच गोष्टी साध्या बोलीत सांगतो. कधी, कुठं, किती, कशाचा धोका आणि त्यासाठी आज काय करायचं. तुम्हीही बैठकीच्या सुरुवातीला दोन मिनिटं काढा. एकीनं इशारा वाचावा, दुसरीनं तो आपल्या शब्दांत सांगावा आणि वस्तीवर एकटी राहणारी म्हातारी, बाळंतीण, ऊसतोडीला आलेलं कुटुंब यांना निरोप कोण देणार, ते तिथंच ठरवावं.

त्या मावशी परवा भेटल्या. हसत म्हणाल्या, "काल तुरळक होतं, आमच्याकडं काय आलं न्हाई. पर कडबा झाकून ठिवला व्हता." आम्ही म्हटलं, मावशी, झाकलात हेच बरोबर.