१४. कॅप्टन शहबाझींची मोहीम

हुशांग शहबाझी हे 'इराण एअर'चे वैमानिक होते. १८ ऑक्टोबर २०११ रोजी मॉस्कोहून तेहरानला आलेल्या त्यांच्या बोइंग ७२७ विमानाचे पुढचे चाक बाहेरच येईना. मेहराबाद विमानतळावर त्यांनी विमान मागच्या चाकांवर टेकवले, नाक शक्य तितका वेळ वर धरले आणि मग धावपट्टीवर घासत थांबवले. आतली शंभराहून अधिक माणसे सुखरूप बाहेर आली. त्यानंतर, विमानांच्या सुट्या भागांवरील निर्बंध उठवावेत म्हणून शहबाझींनी सह्यांची मोहीम चालवली.

हे अमेरिकी निर्बंध १९७९ च्या तेहरानमधील अमेरिकी दूतावासातल्या ओलीसप्रकरणापासूनचे, १९९५ मध्ये आणखी आवळलेले. विमान युरोपात बनलेले असले, तरी त्यातला अमेरिकी वाटा १० टक्के झाला की वॉशिंग्टनचा परवाना लागतो. म्हणून इराणी कंपन्या उभ्या विमानांचे भाग काढून उडत्या विमानांना लावतात किंवा मध्यस्थांकडून चढ्या भावाने घेतात. अशा भागाची कागदपत्रे खरी असतीलच असे नाही, आणि तो किती तास वापरला गेला हे कळल्याशिवाय तो कधी बदलायचा, हे अभियंत्याला ठरवता येत नाही. प्रवाशाचा जीव टांगणीला लागतो तो इथे.

प्रत्येक अपघात मात्र निर्बंधांच्या माथी मारता येत नाही. २०१८ मध्ये इराणच्या देना पर्वतावर आदळलेल्या एटीआर विमानाच्या चौकशीत वैमानिकांच्या चुकाही नोंदल्या गेल्या.

२०१५ च्या अणुकरारानंतर निर्बंध सैल झाले, तेव्हा 'इराण एअर'ने एअरबसची १०० आणि बोइंगची ८० विमाने मागवली. मे २०१८ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली. तोवर एअरबसची तीन पोहोचली होती, बोइंगचे एकही नाही.