रेवतीची उंची

एका युगातील माणूस दुसऱ्या युगात येऊन पोहोचला तर त्याचे काय होते, हा प्रश्न आज आपल्याला विज्ञानकथेचा वाटतो. पुराणकारांनी मात्र तो पूर्वीच हाताळला होता. विष्णुपुराणाच्या चौथ्या अंशातील रेवतीचे आख्यान या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे.

कुशस्थलीचा राजा रैवत ककुद्मी आपल्या कन्येसाठी योग्य वर कोण, हे विचारायला तिच्यासह ब्रह्मलोकी जातो. तेथे हाहा-हूहू या गंधर्वांचे गायन चाललेले असते, म्हणून तो थांबतो. गायन संपते तेव्हा ब्रह्मदेव त्याला सांगतात, की तू मनात योजलेले वर आणि त्यांचे वंशजही आता उरलेले नाहीत. भागवताच्या हिशोबाने तेवढ्यात २७ चतुर्युगे लोटलेली असतात. पितापुत्री परततात, तेव्हा कुशस्थलीच्या जागी द्वारका उभी असते आणि माणसे खुजी, क्षीणबल झालेली असतात. रेवतीचा विवाह बलरामाशी होतो. पण ती फार उंच आहे हे पाहून तो नांगराच्या टोकाने तिला खाली आणतो, आणि ती इतर स्त्रियांसारखी होते.

पुराणांत बदललेला काळ यंत्रांनी नव्हे, देहाच्या मापाने ओळखला जातो, हे येथे लक्षात घ्यावे. मुचुकुंदाची कथा याच धाटणीची आहे. देवांच्या बाजूने लढून थकलेला हा राजा गुहेत दीर्घकाळ झोपतो. त्याच्या दृष्टीने कालयवन भस्म होतो. नंतर तो बाहेर येऊन ठेंगणी माणसे पाहतो, कलियुग आल्याचे जाणतो आणि तपासाठी गंधमादनाची वाट धरतो. ककुद्मीही कन्यादान करून हिमालयात निघून जातो. नव्या युगाशी जुळवून घेण्याचा प्रसंगच हे दोघे स्वतःवर येऊ देत नाहीत.

अश्वत्थाम्याला ती मुभा नाही. आपण त्याला चिरंजीव म्हणतो. पण सौप्तिकपर्वातील शाप ३,००० वर्षांचा आहे आणि त्याचा गाभा एकाकीपणा हा आहे: सोबत कोणी नाही, संवाद कोणाशी नाही. नंदुरबारजवळच्या अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत त्याची यात्रा भरते. जखमेसाठी तेल मागत हिंडणारा लोककथेतील अश्वत्थामा माणसांच्या दारापर्यंत येतो, घरात मात्र येत नाही.

या सर्वांत नव्या युगात संसार करते ती एकटी रेवती. तिला पती मिळतो, निशठ आणि उल्मुक हे पुत्र होतात. तिची प्राप्ती खोटी नाही. पण तिची किंमतही तिच्याच देहाने चुकवली आहे. ज्या नांगराने बलराम यमुनेला खेचतो आणि हस्तिनापूर हलवतो, तोच नांगर येथे पत्नीवर चालतो. नदी आणि नगर यांच्या बाबतीत ते पराक्रमाचे वर्णन ठरते. रेवतीच्या बाबतीत आपण ते विनोदाने वाचून पुढे जातो. भागवताने हे आख्यान सांगताना नांगराचा प्रसंग घेतलेलाच नाही.

परक्या काळात रुजायचे तर थोडे लहान व्हावे लागते, असे या कथेतून सहज शिकवता येते. वर्गात ती शिकवताना आणखी एक प्रश्न विचारावा, असे मला वाटते. त्या दांपत्यात दोघांची उंची जुळत नव्हती. मग बदलायचे कोणी, हे कोणी ठरवले? एवढी युगे ओलांडून आलेल्या रेवतीच्या तोंडी या आख्यानात एकही वाक्य नाही.