शाळेतले लेखन आणि फुकटची साधने : एक ऐतिहासिक टिपण

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शाळा येते ती बहुधा लेखकाच्या चरित्रातील पहिले प्रकरण म्हणून. शाळेच्या आत जे लिहिले जाते, मुलांचे असो वा मास्तरांचे, त्याची वाङ्मय म्हणून दखल घेण्याची आपली रीत नाही. निबंधाच्या वह्या जूनमध्ये रद्दीत जातात आणि हस्तलिखित अंक कपाटात पिवळे पडतात. गेल्या वीस वर्षांत प्राथमिक शिक्षकाच्या हाती संगणक, मोबाईल आणि अनेक मोफत लेखनसाधने आली. त्यांची चर्चा मात्र ती काल-परवाच जन्मल्यासारखी होते. वास्तविक फुकट वा अल्पमोली साधनाने वर्गात लिहिते वातावरण कसे निर्माण करावे, हा प्रश्न किमान शंभर वर्षांचा आहे. त्याचा एक धागा रत्नागिरी जिल्ह्याशी जोडलेला आहे.

दापोली तालुक्यातील पालगड येथे २४ डिसेंबर १८९९ रोजी जन्मलेले पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक झाले. हेच पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखले जाऊ लागले. वसतिगृहाची जबाबदारी आल्यावर त्यांनी मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक सुरू केले. त्याला भांडवल लागले नाही. कागद, दौत, टाक आणि रात्रीचा वेळ एवढ्यावर ते चालले. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले आणि १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले.

साने गुरुजींच्या शैलीची चर्चा करताना आपण भावुकता, संस्कार, मातृभक्ती हे शब्द वापरून थांबतो. ही शैली कोणत्या सरावातून घडली, हे फारसे विचारले जात नाही. समोर बसणाऱ्या, नावानिशी ठाऊक असलेल्या मुलांसाठी रोज लिहायचे म्हटले की वाक्य आपोआप लहान होते, बोलण्याच्या लयीत येते, आणि उपदेशालाही गोष्टीचे रूप द्यावे लागते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली ‘श्यामची आई’ रात्रींमध्ये विभागलेली आहे. रोज थोडे सांगायचे आणि उद्यासाठी थोडे राखायचे, ही तिची बांधणी आम्हांला त्या दैनिकाच्या सवयीशी नाते सांगणारी वाटते.

येथे एक भेद मात्र नोंदवला पाहिजे. ‘छात्रालय’ हे प्रामुख्याने मास्तरांनी मुलांसाठी केलेले लेखन होते. योगायोगाने त्याच १९२४ साली फ्रान्समधील बार-सुर-लू या गावी सेलेस्तँ फ्रेने नावाचा एक प्राथमिक शिक्षक उलट दिशेने निघाला होता. पहिल्या महायुद्धात फुफ्फुसाला जखम झाल्याने त्याला वर्गात फार वेळ बोलवत नसे. त्याने एक लहानसा हातछापखाना वर्गात आणला. मुलांनी आपले अनुभव लिहायचे, वर्गात वाचायचे, सर्वांनी मिळून मजकूर निवडायचा, सुधारायचा आणि स्वतः खिळे जुळवून छापायचा. हे छापील कागद दूर ब्रिटनी प्रांतातील एका शाळेकडे जात आणि तिकडच्या मुलांचे कागद इकडे येत. मुलाला शिक्षकाखेरीज खरा वाचक मिळाला, हे या खटाटोपाचे सार होते.

आपल्याकडे साधनांच्या प्रश्नाला वेगळे उत्तर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी दिले. १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम करताना, माँटेसरींची महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांतून शिकवण्याची साधने उभी केली. फुकट म्हणजे भोवताली असलेले, मुलाच्या ओळखीचे, असा अर्थ त्यांनी त्या शब्दाला दिला. पुढे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक, फळा, नकाशे असे किमान साहित्य मिळावे, हा तिचा हेतू होता. तो आवश्यकच होता, पण त्यात साधन वरून खाली येत होते.

ब्लॉगर ही मोफत सेवा १९९९ साली सुरू झाली आणि २००३ मध्ये गूगलने ती विकत घेतली. युनिकोडमुळे देवनागरी लिहिणे सोपे झाल्यावर महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शिक्षकांनी मोठ्या उत्साहाने स्वतःची पाने उघडली. शासन निर्णय, चाचण्या, कविता-गायन, कृतिपत्रिका असे उपयुक्त साहित्य त्यांवर जमा झाले. २०१५ चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम, २०१७ चे ‘दीक्षा’ व्यासपीठ आणि पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड यांनी या प्रवाहाला बळ दिले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यामागे हेच क्यूआर कोडचे काम होते.

या कष्टांचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. पण वाङ्मयाच्या अंगाने पाहता हा प्रवाह ‘छात्रालय’च्या दिशेचा आहे, फ्रेनेच्या दिशेचा नाही. मजकूर शिक्षकाकडून मुलाकडे जातो. मुलाचे स्वतःचे वाक्य त्यात क्वचितच येते, आणि आले तरी स्पर्धेसाठी घासूनपुसून आलेले असते. रत्नागिरीत ही उणीव अधिक जाणवते. येथील मूल घरी संगमेश्वरी बोलते, किनाऱ्यावरच्या वस्तीत दालदी बोलते. त्या बोलीतले शब्द कागदावर प्रथम उतरण्याची जागा पाठ्यपुस्तक नव्हे, मुलाचे मोकळे लेखन हीच आहे. तेथे लाल शाई लवकर पोचली तर तो शब्द कायमचा मागे राहतो.

फुकटाला आयुष्याची हमी नसते, हेही या इतिहासाने दाखवले आहे. शिक्षकांमध्ये लोकप्रिय असलेले विकीस्पेसेस २०१८ मध्ये बंद झाले, एडमोडो २०२२ मध्ये. कागदाच्या हस्तलिखिताला वाळवीचे भय असते, पण शाळाही सुरक्षित नाहीत. दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १३०० शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचा निर्णय राज्यात २०१७ च्या अखेरीस झाला. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांच्या कोकणात अशा शाळा सहज सापडतात. शाळा मिटली की दप्तर पुढे जाते, कारण ती शासकीय नोंद आहे. हस्तलिखितांच्या गठ्ठ्याला मात्र कोणी वाली नसतो.

म्हणून साहित्याच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्यातील शाळांची कपाटे एकदा उघडून पाहावीत, असे आम्हांला वाटते. तेथील हस्तलिखितांची मोबाईलवर छायाचित्रे घेणे आज जवळपास फुकट आहे. मूळ प्रत शाळेत राहील आणि दुसरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवता येईल. पालकांची संमती घ्यावी, मुलांची नावे व छायाचित्रे जगासमोर मांडण्याची घाई करू नये. पहिला वाचक शेजारच्या वाडीतल्या शाळेतला असला तरी पुरे. फ्रेनेच्या मुलांनाही आरंभी एकच दूरची शाळा पुरली होती.

आणि बोलीभाषेवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्या गठ्ठ्यात तीस वर्षांपूर्वीच्या चौथीतल्या मुलाचा एखादा शब्द सापडला, जो आज त्या गावात कोणी उच्चारत नाही, तर शाळेतल्या लेखनाला वाङ्मयाच्या इतिहासात जागा द्यावी की नाही, हा वाद त्याच्यापुरता तरी मिटेल.