भय आणि रक्तदाब

रात्रीं अंगणांत पडलेली दोरी साप समजून आपण दचकतों. वेदान्त्यांनीं हा दृष्टांत मायेसाठीं योजिला. शरीरशास्त्रज्ञाला त्यांत निराळेंच कांहीं दिसतें. साप खोटा असला तरी छातींतील धडधड खरी असते, आणि रक्तदाबही खरोखरच चढलेला असतो. त्याला चढवितो कोण आणि आवरतो कोण? श्रोतेहो, नवल असें कीं, यांतील दुसऱ्या प्रश्नाचा धागा आधीं हातीं लागला.

१८६६ सालीं लाइपझिग येथें लुडविग आणि सियॉन यांनीं सशाच्या मानेंतील एक बारीक मज्जातंतु तोडून त्याचें मेंदूकडील टोंक विजेनें चेतविलें. रक्तदाब उतरला, हृदय मंदावलें. पुढें १९२० नंतर हेरिंग यांनीं दाखविलें कीं, मानेंतील मोठ्या रोहिणीला जेथें फांटे फुटतात तेथेंही असाच पहारा आहे. दाबानें भिंत ताणली कीं मेंदूला वर्दी जाते आणि लगाम खेंचला जातो.

चाबूक सांपडला तो लंडनमध्यें. ऑलिव्हर व शेफर यांनीं मूत्रपिंडावरील चिमुकल्या ग्रंथीचा अर्क कुत्र्याच्या नीलेंत सोडला आणि मापकांतील पारा भराभर वर चढला. हें १८९४ सालीं प्रसिद्ध झालें. १९११ सालीं हार्वर्डच्या कॅनन यांनीं मांजरापुढें भुंकणारा कुत्रा आणिला. (मांजराचें मत कोणीं विचारलें नाहीं.) शांत मांजराच्या रक्तांत आंतड्याच्या स्नायूची पट्टी ठेक्यांत हालत राही, भ्यालेल्या मांजराच्या रक्तांत ती सैल पडे. भयानें ग्रंथीचा रस रक्तांत उतरतो, असा त्याचा अर्थ.

तरी ग्रंथीलाच सारें श्रेय देणें बरोबर नाहीं. दचकल्यावर पहिल्या कांहीं सेकंदांचें काम मज्जातंतूच करतात. त्यांच्या टोंकांशीं स्रवणारें द्रव्य नॉरअॅड्रेनॅलिन होय, हें स्वीडनच्या फॉन ऑयलर यांनीं १९४६ सालीं दाखविलें. त्यानें त्वचेच्या व आंतड्यांच्या रोहिण्या आंखडतात, म्हणून चेहरा पांढरा पडतो.

मग लगामाचें काय होतें? संकटांत तो सोडूनच दिला जातो, असें कांहीं संशोधकांना वाटे. पुढें आढळलें कीं, तो पुष्कळदां हातांतच राहतो. मेंदू त्याची मर्यादा मात्र वरच्या दाबावर नेऊन ठेवतो. वैद्यानें दंडाला पट्टा बांधतांच अनेकांच्या बाबतींत हेंच घडतें. यासाठीं रोग्याला पांच मिनिटें स्वस्थ बसवून मग दाब मोजण्याची रीत आहे. घाईच्या दवाखान्यांत ती क्वचितच पाळली जाते.