वऱ्हाडचा कापूस आणि जगाचा बाजार

जागतिकीकरण हा शब्द मराठीत रूढ झाला तो १९९१ नंतर. त्यामुळे पुष्कळांची अशी समजूत झालेली दिसते की, त्या सालापूर्वी आपला व्यापारउदीम आपल्याच अंगणात चालत होता आणि जगाचा वारा आपल्याला तेव्हाच प्रथम लागला. ही समजूत इतिहासाला धरून नाही. शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. तिचे पहिले मोठे प्रात्यक्षिक महाराष्ट्राने दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी पाहिले आणि ते पाहिले कापसाच्या पिकात. ती हकिकत नीट समजून घेतली तर आजचे वाद समजणे पुष्कळ सोपे जाते.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली. आता, इंग्लंडातील लँकेशायर परगण्याच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार पंचमांश कापूस याच बंदरांतून येत असे. तो बंद होताच गिरण्या ओस पडल्या, लाखो मजूर उपाशी बसले आणि गिरणीमालकांचे डोळे मुंबईकडे वळले. तोपर्यंत आपल्या कापसाला तेथे फारशी प्रतिष्ठा नव्हती. तो आखूड धाग्याचा, त्यात माती-कचरा फार, आणि ‘सुरती’ हे त्याचे नाव तेथील मजुरांत शिवीसारखे वापरले जाई. पण गरजेला प्रतिष्ठा नसते. लिव्हरपूलच्या बाजारात कापसाचा भाव तीन वर्षांत चौपट-पाचपट झाला. उमरावतीचा कापूस ‘ऊमरा’ या नावाने, आणि हिंगणघाटचा तर स्वतःच्याच नावाने, सातासमुद्रांपलीकडे ओळखला जाऊ लागला.

या भाववाढीने मुंबईत किती पैसा आला? दिनशा वाच्छा यांनी त्या काळाच्या आर्थिक घडामोडींवर १९१० साली पुस्तक लिहिले. या काळातील कापसाच्या जादा उत्पन्नाचा आकडा सामान्यतः आठ कोटी पौंडांच्या घरात सांगितला जातो. एवढा पैसा शहराच्या पचनी पडणे शक्यच नव्हते. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या, पेढ्या, वित्तसंस्था यांचे पेव फुटले. बॅक बे कंपनीचा भाग मूळ किमतीच्या अनेक पटींनी विकला जाऊ लागला. प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याचे अनभिषिक्त राजे होते आणि सरकारचाही भाग असलेली बँक ऑफ बाँबे त्यांच्या शब्दावर कर्जे देत होती. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. बातमी येऊन थडकली आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा निकाल लावण्याचा दिवस होता. त्या दिवशी मुंबईतील मोठमोठ्या पेढ्यांची दिवाळी निघाली. बँक ऑफ बाँबे सावरली नाही. १८६८ मध्ये तिचे दिवाळे वाजले आणि त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. प्रेमचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही मुंबईत उभा आहे.

मुंबईची ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. परंतु तिच्यापेक्षा अधिक महत्त्वाची गोष्ट घाटावर घडत होती, आणि ती भाव कोसळल्यावर थांबली नाही. युद्धाने लँकेशायरला एक धडा शिकवला होता, तो असा की एकाच देशावर विसंबून राहू नये. म्हणून मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी सरकारच्या मागे तगादा लावला. १८६३ मध्ये मुंबई सरकारने कापसात भेसळ करणाऱ्यास शिक्षा देणारा कायदा केला. त्याच साली रेल्वे बोरघाट चढली. १८६७ साली ती नागपूरला पोचली. १८७० साली खामगावला खास कापसासाठी फाटा नेण्यात आला आणि त्याच्या उद्घाटनास खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आले. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला होता, आणि पुढल्याच वर्षी समुद्राखालून आलेली तार मुंबईस जोडली गेली. दहा वर्षांच्या आत वऱ्हाडातील शेत आणि लिव्हरपूलचा बाजार यांमधले अंतर महिन्यांवरून तासांवर आले.

याचा व्यापारावर झालेला परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. पूर्वी कापसाचा व्यापारी माल विकत घेई, बैलांच्या तांड्यावर वा गाड्यांवर लादून बंदरावर पाठवी आणि तेथे भाव काय मिळेल याचा धोका स्वतः पत्करी. तारेने हा धोका वाटून टाकला. लिव्हरपूलचा आजचा भाव कळल्यावर माल हाती येण्यापूर्वीच त्याचा सौदा करता येऊ लागला. अशा व्यापाराला मोठे भांडवल, परदेशी कचेऱ्या आणि स्वतःची तारेची सांकेतिक भाषा लागे. साहजिकच १८५१ साली विंटरथूर आणि मुंबई येथे स्थापन झालेल्या व्होल्कार्ट बंधूंसारख्या युरोपीय पेढ्यांनी थेट खामगावसारख्या बाजारपेठेत ठाण मांडले. गावोगावचे स्वतंत्र व्यापारी हळूहळू त्यांचे अडते आणि दलाल बनले. गासडी मात्र तीच राहिली. तिच्यावरील नफा कोणाच्या हाती जातो एवढेच बदलले.

या घडामोडीत सरकारचे धोरण काय होते, याचाही एक बोलका पुरावा आहे. मध्यप्रांत आणि वऱ्हाडचे कापूस कमिशनर हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांनी रेल्वेच्या फाट्याचा लाभ सांगताना अशी आशा व्यक्त केली होती की, त्यामुळे विलायती कापड स्वस्त मिळून येथील विणकरांचा धंदा बसेल आणि ते विणकर कापूस पिकवण्याकडे वळतील. ज्या गाडीने कापूस बाहेर जाणार होता, त्याच गाडीने कापड आत येणार होते. रेल्वे म्हणजे प्रगती, हे खरेच आहे. परंतु त्या गाडीचे वेळापत्रक कोणी आखले होते हेही विसरता येत नाही.

शेतकऱ्याचे काय झाले? चढत्या भावाच्या काळात सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली होती. भाव उतरले, त्यातच सरकारने साऱ्याची नवी आकारणी वाढवली, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले. हा वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. सरकारच्या चौकशी मंडळाने या दंग्यांचा संबंध कापसाच्या तेजीमंदीशी जोडला. पुढील अभ्यासकांनी, पुणे-नगरच्या त्या भागात कापूस फारसा होतच नव्हता, अशी रास्त शंका घेतली आहे. तरीही तेजीच्या काळात वाढलेली महागाई, रेल्वेच्या कामांवरील मजुरी आणि सैल झालेली पत यांचा फुगा फुटला होता, एवढे म्हणता येते. ज्याने कधी कापूस पेरला नाही त्यालाही कापसाच्या बाजाराचा फटका बसला असेल, तर जगाच्या बाजाराची पोच किती खोल असते हेच त्यावरून दिसते. १८७९ मध्ये सरकारला दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला.

त्याच १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, हा योगायोग आपल्यासारख्या श्रोत्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गावात रोखे जळत असताना शहरात हे असे का घडते याचा विचार सुरू झाला होता. १८९२ साली डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात रानड्यांनी स्पष्ट सांगितले की, इंग्लंडात तयार झालेले खुल्या व्यापाराचे सिद्धांत सर्व देशांना सर्व काळी सारखेच लागू पडतात असे मानणे चूक आहे. जर्मनीने आणि अमेरिकेने आपापले उद्योग वाढवताना काय केले याकडे त्यांनी बोट दाखवले.

रानड्यांना असे बोलावे लागले याचे कारण समोरच होते. १८५६ पासून मुंबईत कावसजी दावर यांची गिरणी चालू झाली होती. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी नागपुरास एम्प्रेस मिल काढली. या गिरण्या वाढताहेत असे दिसताच मँचेस्टरने विलायती कापडावरील जकात रद्द करण्याची मागणी केली. १८७९ मध्ये लॉर्ड लिटन यांनी आपल्या मंडळातील बहुमत डावलून जाड्याभरड्या कापडावरील जकात उठवली. १८८२ मध्ये बहुतेक सर्वच आयात जकाती गेल्या. पुढे तिजोरीत खडखडाट झाल्यामुळे १८९४ साली जकात पुन्हा बसवावी लागली, पण मँचेस्टरचे समाधान करण्यासाठी देशी गिरण्यांच्या सुतावरही उत्पादन कर लादला गेला. १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात आणि देशी गिरणीच्या कापडावर तेवढाच कर, अशी ‘समता’ स्थापन झाली. त्या वर्षी महाराष्ट्रात विलायती कापडावर बहिष्काराची चळवळ झाली, तिच्या पाठीशी टिळक उभे राहिले. हा कर रद्द व्हायला १९२६ साल उजाडावे लागले. म्हणजे तेव्हाचा खुला व्यापार खुला नव्हताच. त्याचे दरवाजे कोणासाठी किती उघडायचे हे दुसऱ्याच देशातील मतदार ठरवत होते.

स्वातंत्र्यानंतर ते दरवाजे आपल्या हाती आले, आणि आपण ते बरेचसे लावून घेतले. पूर्वानुभव पाहता हे स्वाभाविक होते. परंतु बंद दाराआड सर्व काही ठीक चालले असेही म्हणता येत नाही. महाराष्ट्रात १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याला हमीचा भाव मिळाला, पण दुसरीकडे विकण्याची मोकळीक गेली. जगातला भाव चढला तरी त्याचा वाटा आपल्यापर्यंत येत नाही, अशी तक्रार शरद जोशी आणि त्यांच्या शेतकरी संघटनेने पुढे मांडली. मुंबईच्या गिरण्यांचा कणा १९८२ च्या संपात मोडला. तोही जागतिक बाजार खुला होण्यापूर्वी. यंत्रसामग्री जुनी झाली होती आणि भिवंडी, इचलकरंजी, मालेगावचे यंत्रमाग पुढे सरकले होते.

१९९१ च्या उन्हाळ्यात परकीय चलनाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरता उरला. सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण ठेवावे लागले, जुलैमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि २४ जुलैच्या अंदाजपत्रकाने धोरणाची दिशा बदलली. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली. २००५ च्या आरंभी कापडाच्या निर्यातीवरील जुनी कोटापद्धती संपली. परंतु या संघटनेतही सर्व सभासद सारख्या बळाचे नव्हते. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरघोस अनुदाने देत होती आणि त्यामुळे जगातला भाव पडत होता. ब्राझीलने २००२ मध्ये दावा लावला आणि २००५ मध्ये जिंकला. दुबळ्यालाही दाद मागता येते, हे १८७९ च्या मानाने निश्चित पुढचे पाऊल होते.

तरी मूळ पेच सुटलेला नाही. २०२१ साली आपल्या सरकारने परदेशी कापसावर आयात शुल्क बसवले. ते उपकरासह ११ टक्के होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली, तेव्हा कापड निर्यातदारांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून हे शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवण्यात आले. गिरणीमालकांची अडचण खरी होती. पण विदर्भात तेव्हा नवा कापूस वेचणीला येण्याच्या बेतात होता, आणि बोंडे फुटायच्या आधीच भाव उतरण्याची धास्ती शेतकऱ्याने घेतली, तीही खरीच होती.

१८७९ आणि २०२५ या दोन घटना एकच आहेत असे कोणी म्हणू नये. तेव्हा निर्णय परक्यांनी, परक्यांच्या हितासाठी घेतला. आता तो आपण निवडून दिलेले सरकार घेते. म्हणूनच आपली जबाबदारी वाढली आहे. जकातीचा प्रत्येक टक्का कोणाच्या तरी पदरात पडतो आणि कोणाच्या तरी पदरातून जातो. शहरात राहणारे आपण स्वस्त कापडाचे गिऱ्हाईक आहोत, पुष्कळ जण निर्यात करणाऱ्या कारखान्यांचे नोकरही आहोत. आपले हित बोलून दाखवणाऱ्या संस्था राजधानीत पोचलेल्या आहेत. कोरडवाहू दोन-चार एकरांवर कापूस पेरणाऱ्याची तेथे तशी पोच नाही. जगाचा बाजार टाळता येणार नाही, आणि टाळावा असेही इतिहास सांगत नाही. परंतु भाव पडतो तेव्हा तो धोका कोणाच्या शिरी जातो, हा प्रश्न प्रत्येक अंदाजपत्रकाच्या वेळी विचारणे आपल्या हातात आहे. सुप्याच्या शेतकऱ्यांना तो विचारायला रोखे जाळावे लागले होते.